26 वर्षं उभी असलेली मॉरिस मायनर: पहिल्या तीन महिन्यांचं काम

गाडी 1965 ची मॉरिस मायनर 1000. दोन दारांची, 1098 सीसीच्या इंजिनाची. बंद शेडमध्ये, मातीच्या जमिनीवर, 26 वर्षं एकाच जागी उभी. ज्यांनी ती तिथे लावली ते आता हयात नाहीत आणि गाडी त्यांच्या मुलीकडे आली आहे. मी त्यांना ताई म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाबांनी लावली तेव्हा चांगली चालू होती." वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीबद्दल हेच वाक्य कानावर येतं. ते बहुतेकदा खरंही असतं, पण अर्धंच. चालू गाडी माणूस एका संध्याकाळी शेडमध्ये लावतो आणि पुन्हा काढत नाही, त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. आजारपण असेल, दुसरी गाडी आली असेल, नाहीतर एखादा बिघाड असेल आणि त्याला "पुढच्या रविवारी बघू" म्हटलं गेलं असेल. म्हणून अशा कामाच्या वहीत पहिल्या पानावर मी एकच प्रश्न लिहितो: का उभी राहिली? या गाडीच्या बाबतीत त्याचं उत्तर अकराव्या आठवड्यात मिळालं, आणि ते पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं.

ताईंचा भाऊ नवी बॅटरी घेऊनच आला होता. "एकदा स्टार्टर मारून तर बघू." बाबांची गाडी पुन्हा बोलताना ऐकायची होती त्याला. ती ओढ मला कळते. तरी मी नाही म्हटलं, आणि जुन्या गाडीवर काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन. इतकी वर्षं थांबलेल्या इंजिनात बेअरिंगवर तेलाचा थर उरलेला नसतो, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. स्टार्टर मोटर हे काही पाहत नाही, ती जोर लावते. जे महिनाभर भिजवून सुटलं असतं ते दोन सेकंदांत मोडतं.

पहिले दोन दिवस मी फक्त पाहिलं आणि लिहून काढलं. बल्कहेडवरच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्यावरच्या, पट्टीवरचा चासी नंबर कागदपत्रांशी ताडून पाहिला, कारण तो जुळत नसेल तर पुढचं सगळं काम हवेत. मग फोटो. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक क्लिप कोणत्या बाजूने बसते, दाराच्या फटी किती रुंद आहेत. सहा महिन्यांनी सुटे भाग डब्यात दिसतात तेव्हा स्मरणशक्ती कामाला येत नाही, फोटो येतो. गाडीत जे काही सापडलं त्याची यादी केली: हँडल, जॅक, दोन पाने, ड्रायव्हरच्या पुढच्या कप्प्यात एक कागदी पाकीट आणि त्यात रबरी सीलचा संच, न उघडलेला. मी लिहिलं, "सील संच, न वापरलेला", आणि पुढे गेलो.

उंदरांनी हीटरमध्ये आणि एअर क्लीनरमध्ये घरटी केली होती. अशी घरटी कोरडी झाडायची नाहीत. त्यांच्या मुतातून-लेंड्यांतून माणसाला आजार होतात. जंतुनाशकाने ओलं करायचं, मास्क आणि हातमोजे घालून उचलायचं, पिशवी बांधून टाकायची. ब्रेकच्या धुळीचंही तसंच. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, तेव्हा ड्रम उघडल्यावर हवेचा फवारा मारणं म्हणजे स्वतःच्या फुप्फुसाशी वैर.

जॅक वर गेला, गाडी गेली नाही

गाडी बाहेर काढणं म्हणजे ओढणं नव्हे. हँडब्रेक ओढलेला होता आणि मागचे दोन्ही ड्रम पकडलेले होते. टायर वरून बरे दिसत होते, पण बाजूच्या भिंतीवर बोट दाबलं की भेगा उघडायच्या. मागची चाकं छोटी चाकं लावलेल्या पाटांवर चढवून गाडी सरकवायचं ठरलं.

मायनरला जॅक लावायची जागा दारांच्या खाली आहे. गाडीच्या मधोमध आडवी एक पत्र्याची पेटी जाते, क्रॉसमेंबर, तिच्या दोन टोकांना ती जागा आहे. डावीकडे जॅक लावला आणि हळूहळू फिरवायला घेतलं. चौथ्या-पाचव्या वळशाला 'कर्र' असा आवाज आला, जाड पुठ्ठा फाटावा तसा. जॅकचं डोकं दोन बोटं वर गेलं होतं आणि गाडी जागच्या जागी होती. खाली वाकून पाहिलं तर पत्र्याच्या जागी तपकिरी पापुद्रे, एकावर एक, बोटाने दाबले की चुरा. आधी टोचून न पाहता जॅक लावला ही माझी चूक. गाडीखाली कोणी नव्हतं हे आमचं नशीब. तेव्हापासून नियम केला: जॅक फक्त उचलण्यासाठी, आणि खाली जायचं ते घोड्या, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड, लावल्यावर, त्याही जिथे पत्रा ठोकून तपासला आहे तिथेच. मागे ॲक्सलखाली, पुढे लाकडी ओंडका देऊन.

या आवाजाने कामाचा क्रम ठरवला. मायनरला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. फरशी, दारांखालच्या सिल, तो क्रॉसमेंबर आणि पुढे इंजिनाकडे जाणारे दोन पाय, हे सगळं मिळून गाडीला ताठ ठेवतं. शिवाय पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब पोलादी दांड्या, मागच्या टोकाला याच क्रॉसमेंबरला अडकवलेल्या असतात. म्हणजे जिथे माझा जॅक आत गेला, त्याच पेटीवर पुढच्या चाकांचा भार तोललेला. अशा गाडीचं इंजिन उत्तम असलं तरी ती रस्त्यावर नेता येत नाही.

मग दोन दिवस मी हातोडीचा दांडा आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून पूर्ण गाडी वाजवत गेलो. चांगला पत्रा टणटणीत वाजतो. गंजलेला किंवा पुट्टी भरलेला भद्द वाजतो, आणि एकदा कान तयार झाला की फरक लांबूनही कळतो. सोबत मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. कापडामुळे रंगाला ओरखडा येत नाही आणि पुट्टीच्या जाड थरावर चुंबक धरत नाही. डाव्या सिलवर ते हातभर लांबीत कुठेच धरलं नाही. रंग तासला तर खाली पुट्टी, पुट्टीखाली फायबरची जाळी, जाळीखाली जुन्या सिलची गंजकी कड. कुणीतरी पूर्वी भोक झाकलं होतं, बुजवलं नव्हतं. उजवी बाजू पुष्कळ बरी निघाली. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगच्या पुढच्या अडकवण्या, जिथे मायनर हमखास सडते, त्यातली एक गेलेली होती.

या टप्प्यावर ताईंसमोर मी तीन वाटा ठेवल्या. जशी आहे तशी साफ करून जपणं. बॉडीचा सांगाडा दुरुस्त करून, बाकी यंत्रणा एकेक करून चालती करणं. किंवा शेवटच्या बोल्टापर्यंत खोलून नव्याने उभी करणं. तिसरी वाट सगळ्यात मोहक वाटते आणि बहुतेक गाड्या तिथेच मरतात. खोलायला तीन आठवडे लागतात, जोडायला तीन वर्षं. मधल्या काळात घर बदलतं, तब्येत बदलते, डबे इकडचे तिकडे होतात. अर्धवट खोललेली गाडी शेवटी सुट्या भागांच्या भावात जाते. ताईंनी मधली वाट निवडली. मी त्यांच्या जागी असतो तर हीच निवडली असती. आतल्या सीटवरचं कातडं भेगाळलेलं आहे, तरी ते बाबांच्या वापरातलं, ते राहू दे, असंही त्या म्हणाल्या. तो निर्णय मला फार आवडला. रंग आणि गाद्या पुन्हा कधीही नव्या करता येतात, झिजलेलं स्टिअरिंग मात्र एकदा बदललं की गेलं.

तिसऱ्या सिलिंडरची गोष्ट

बॉडीच्या कामाची तयारी चालू असताना इंजिन भिजत ठेवलं. ए-सिरीजचं हे इंजिन साधं आणि दणकट आहे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, चार सिलिंडर, पुशरॉड, आठ व्हॉल्व्ह एका ओळीत. प्लग काढले. पहिला, दुसरा आणि चौथा काजळी धरलेले पण कोरडे. तिसऱ्याच्या टोकावर लालसर गंज. बॅटरीवर चालणारा छोटा कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची एक आडवी पट्टी दिसली, पिस्टनच्या अगदी वर.

तिसऱ्यातच का? रॉकर कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, उघडल्यावर कळलं. इंजिन कधी ना कधी थांबतं आणि थांबताना कुठला तरी व्हॉल्व्ह उघडाच राहतो. या इंजिनात तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरकडून मोजला तर ओळीतला पाचवा, उघडा राहिला होता. त्या वाटेने सायलेन्सरच्या नळीतून 26 पावसाळ्यांची दमट हवा थेट सिलिंडरमध्ये येत होती. बाकीचे तीन तुलनेने बंद राहिले म्हणून वाचले. म्हणून गाडी लांबच्या मुक्कामासाठी उभी करताना प्लगच्या भोकांतून थोडं तेल घालून इंजिन हाताने फिरवावं, आणि सायलेन्सरचं तोंड व एअर क्लीनरचं तोंड तेलकट कापडाने बंद करावं. पाच मिनिटांचं काम आहे.

चारही सिलिंडरमध्ये ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल समप्रमाणात मिसळून घातलं. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून दार उघडं आणि आगीचं काही जवळ नाही. रोज थोडं थोडं. पाचव्या व्हॉल्व्हच्या दांड्यावरही रोज चार थेंब. दहाव्या दिवशी रॉकर शाफ्ट सोडून, स्प्रिंगच्या टोपीवर लाकडाचा तुकडा ठेवून हलक्या टिचक्या दिल्या. व्हॉल्व्ह केसभर खाली गेला आणि स्प्रिंगने अर्धा केस वर आला. पुन्हा तेल, पुन्हा टिचकी. त्या दुपारी तासाभरात तो पूर्ण वर-खाली व्हायला लागला. त्या तासाइतका आनंद मला पुढे इंजिन सुरू झालं तेव्हाही झाला नाही.

पिस्टन सतराव्या दिवशी सुटला. पुलीच्या नटावर पाना लावून दोन्ही दिशांना, मनगटाच्या जोरावर, झुलवत. पान्याला पाइप जोडून लांब करायचा मोह होतो. ज्या दिवशी पाइप लागेल असं वाटतं त्या दिवशी घरी जायचं आणि आणखी तेल घालायचं. पान्यांचंच एक सांगतो: या गाडीचे बहुतेक नट इंचाच्या मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. तिथे 13 चा पाना बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. इंचाचा एक संच घेतल्याशिवाय अशा गाडीला हात लावू नये.

इंजिन मोकळं झाल्यावर ऑइल काढलं. संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, तळाशी काळा चिखल होता, म्हणून संप उतरवून धुतला. नवं ऑइल, नवा फिल्टर. प्लग बाहेरच ठेवून, म्हणजे कॉम्प्रेशनचा भार नसताना, स्टार्टरने थोडं थोडं फिरवलं, डॅशवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं: 140, 145, 95, 140 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं तर 120. ऑइलने आकडा वाढला याचा अर्थ गळती मुख्यतः रिंगांकडून आहे. व्हॉल्व्हकडून असती तर ऑइल घालून फरक पडला नसता. चिकटलेल्या रिंगा चालता चालता कधी कधी सुटतात, म्हणून हेड आत्ताच उघडायचं नाही असं ठरवलं.

विजेची बाजू थोडक्यात. या गाडीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या उलट, आणि अख्ख्या गाडीला मिळून फ्यूज दोनच. सवयीने उलटी बॅटरी लावणारे पुष्कळ. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्यानंतर बॅटरी सरळ न जोडता तिच्या वाटेत 21 वॉटचा एक बल्ब घातला. सगळी बटणं बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि वायर जळण्याऐवजी फक्त बल्ब पेटतो. आमचा पेटला. मागच्या दिव्याची वायर डिकीच्या बिजागरीत चेपली होती.

टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं वास मारत होतं. टाकी, नळ्या, पंप, यातलं काहीच न वापरता कार्बोरेटर खोलून धुतला आणि उंचावर टांगलेल्या छोट्या डब्यातून ताजं पेट्रोल दिलं. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं अंतर 0.38 मिलिमीटर, प्लगचं 0.64, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरची, फट 0.30. रेडिएटरमध्ये पाणी, हाताशी अग्निशामक. दहाव्या आठवड्याच्या शनिवारी ताईंच्या भावाला सीटवर बसवलं. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन धरलं. आधी तीन सिलिंडरवर लंगडत, निळा धूर सोडत, मिनिटभराने चारही सिलिंडरवर. सहा मिनिटं चालवून बंद केलं. तो खाली उतरला नाही, बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. ताई दाराशी उभ्या राहून रडत होत्या.

बोल्ट

ब्रेक मी शेवटी ठेवले होते, कारण तिथलं सगळंच बदलायचं होतं. पुढच्या चाकांना दोन-दोन आणि मागच्यांना एक-एक, असे सहा व्हील सिलिंडर. त्यातले पाच जाम. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतून गंज लावतं, त्यामुळे यात नवल नव्हतं. मागचे ड्रम अॅडजस्टर सैल करून, कडेने फिरत फिरत लाकडी हातोडीने ठोकून सुटले. ड्रमच्या काठावर लोखंडी हातोडी मारली तर ओतीव लोखंड तडकतं.

राहिला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा. मायनरमध्ये तो बोनेटखाली नसतो. ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या आत, इंजिनाकडे जाणाऱ्या एका पायात दडलेला असतो. कार्पेट उचललं, पत्र्याचं झाकण काढलं. झाकणाचे स्क्रू सहज फिरले, त्यांच्या खाचा ताज्या होत्या. आत बॅटरीचा उजेड टाकला. सिलिंडर धरून ठेवणारे दोन बोल्ट. एकाचा नट काढलेला, बोल्ट निम्मा बाहेर आलेला आणि टॉर्शन बारला टेकून थांबलेला. त्याच्या टोकावर करवतीच्या पात्याच्या चार-पाच रेघा.

बोल्ट बाहेर सरकायला जी जागा हवी, नेमकी तिथूनच टॉर्शन बार जातो. कारखान्यात बोल्ट आधी बसतात, बार नंतर. त्यामुळे एका गळक्या सिलिंडरचं सील बदलायचं तर आधी पुढचं सस्पेन्शन सोडवावं लागतं. ताईंच्या बाबांनी सील आणले, झाकण उघडलं, नट काढला, बोल्ट ओढला, आणि इथे अडकले. करवत घालून पाहिली, हात पोचेना. मग झाकण नीट लावून, कार्पेट अंथरून, सीलचं पाकीट समोरच्या कप्प्यात ठेवून दिलं. पुढच्या रविवारी बघू.

मी वही आणली आणि पहिल्या पानावरच्या प्रश्नापुढे लिहिलं: मास्टर सिलिंडरचा पुढचा बोल्ट. ब्रेक शेवटी ठेवायला नको होते. पाकीट सापडलं त्याच दिवशी हे झाकण उघडलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं.

क्रॉसमेंबर बदलण्यासाठी टॉर्शन बार सोडवायचा होताच. त्यात पीळ भरलेला असतो. खालच्या आर्मला जॅकचा आधार देऊन, वजन उतरवून, ताण पूर्ण गेल्याची खात्री करूनच तो हलवायचा. मूळ जागा रंगाच्या रेघेने खूण करून ठेवली, म्हणजे परत बसवताना गाडीची उंची बदलणार नाही. बार बाजूला झाल्यावर बोल्ट दोन बोटांनी बाहेर आला. ताईंना तो हवा होता, त्यांना दिला. 26 वर्षं पाकिटात राहिलेली सील वापरण्याजोगी नव्हती, रबर कडक झालं होतं. नवा मास्टर सिलिंडर बसवला आणि दोन्ही बोल्ट उलट्या बाजूने घातले, डोकं मोकळ्या बाजूला, नट बारकडे. पुढे कधी कुणाला सिलिंडर काढावा लागला तर बार सोडवायची गरज पडणार नाही.

आता डाव्या सिलचं वेल्डिंग सुरू आहे. दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी आधार टाकला आहे आणि एका वेळी एकच बाजू कापतो आहे. दर संध्याकाळी डाव्या दाराची फट तीन ठिकाणी मोजून पहिल्या दिवशीच्या फोटोखाली लिहितो. आजवर ती हललेली नाही.